बेसिनपाशी उभी असलेली ती : दातांच्या दवाखान्यातील असिस्टंट आणि संसर्गाचा धोका

दाढ काढून झालेली असते. रुग्ण दातांखाली कापसाचा बोळा दाबून, औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो, डॉक्टर हातमोजे काढून पुढच्या रुग्णाचा एक्स-रे पाहायला वळतात आणि खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये जे काही उरलेले असते ते उचलण्याचे काम असिस्टंटकडे येते. त्या ट्रेमध्ये रक्ताने माखलेले फोर्सेप्स आणि दाढ सैल करणारे एलिव्हेटर असतात, टोकदार प्रोब असतो, भूल देण्यासाठी वापरलेली सिरिंज असते आणि कापसाच्या ओल्या बोळ्याखाली एखादी सुई झाकली गेलेली असू शकते. बाहेर तीन रुग्ण खोळंबलेले असतात आणि ‘पुढचा पेशंट घे’ अशी हाक आलेली असते. दातांच्या दवाखान्यात काही टोचण्याचे वा कापण्याचे बरेचसे प्रसंग उपचार चालू असताना घडत नाहीत, ते उपचारानंतरच्या या दोन-चार मिनिटांत आणि त्यापुढे बेसिनपाशी उपकरणे घासताना घडतात. डॉक्टरांची नजर दिव्याच्या प्रकाशात एकाच टोकावर खिळलेली असते. असिस्टंटच्या हातात मात्र एकाच वेळी दहा टोके असतात आणि तिला घाई असते.

ही असिस्टंट बहुधा कोण असते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे बोलणे व्यर्थ आहे. ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्या व्यक्तीला डेंटल नर्स म्हणतात आणि २००८ पासून तिथे, प्रशिक्षण घेत असलेल्या व्यक्ती वगळता, जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय हे काम करता येत नाही. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तिघांच्या नोंदवह्या ठेवल्या. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या असिस्टंटचे नाव त्यांत आले नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांतल्या खासगी दवाखान्यांत दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी कामाला लागते आणि पाहून-पाहून शिकते. ती हुशारीने शिकते, वर्षभरात डॉक्टरांनी हात पुढे करण्याआधीच योग्य उपकरण त्यांच्या हातात ठेवते. परंतु जंतू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्यांच्याबद्दलची खबरदारी नुसते पाहून शिकता येत नाही, ती कोणीतरी समजावून सांगावी लागते. हा लेख त्यासाठी आहे, आणि तो डॉक्टरांनीही वाचावा, कारण यातल्या निम्म्या गोष्टी असिस्टंटच्या हातात नाहीत.

संसर्ग या कामात मुख्यतः तीन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट रक्ताची आणि रक्तमिश्रित लाळेची. दुसरी हवेत उडणाऱ्या तुषारांची. तिसरी पाण्याची, अस्वच्छ उपकरणांची आणि हात लागलेल्या पृष्ठभागांची. तोंडातल्या जवळजवळ प्रत्येक उपचारात हिरडीतून थोडेफार रक्त येत असल्याने दंतवैद्यकात लाळ ही रक्तमिश्रितच आहे असे धरून चालतात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी, ती म्हणजे ‘हा पेशंट चांगल्या घरचा वाटतो’ किंवा ‘हा आजारी दिसत नाही’ या अंदाजाला काहीही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचा दीर्घकालीन संसर्ग होता, आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना ते स्वतःलाच ठाऊक नसते. केसपेपरवर ‘कोणताही आजार नाही’ असे लिहिणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला माहीत नसते इतकेच. म्हणूनच काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखी घ्यायची, कोणासाठी कमी नाही आणि कोणासाठी जास्त नाही. एचआयव्ही असल्याचे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या रुग्णासमोर दोन-दोन हातमोजे चढवायचे आणि न सांगणाऱ्यासमोर उघड्या हातांनी ट्रे उचलायचा, हे वागणे रुग्णाचा अपमान करणारे तर आहेच, शिवाय त्याने असिस्टंटचे रक्षणही होत नाही.

लस : सर्वांत आधी, सर्वांत स्वस्त

रक्तातून पसरणारे तीन विषाणू या कामात महत्त्वाचे आहेत: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. मनात भीती सर्वांत जास्त एचआयव्हीची असते, पण आकडे वेगळेच सांगतात. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे ३ इतकी असते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती शंभरात दोनाहून कमी आहे. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत मात्र, ज्याच्या रक्तात विषाणूचे प्रमाण मोठे आहे अशा रुग्णाची सुई लस न घेतलेल्या व्यक्तीला टोचली, तर शंभरातल्या तिसांपर्यंत लोकांना लागण होऊ शकते. शिवाय हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस तग धरू शकतो. खुर्चीच्या हँडलला, दिव्याच्या मुठीला किंवा खणाच्या कडीला लागलेला, नजरेतून सुटलेला डाग पुढच्या आठवड्यापर्यंत धोक्याचा राहू शकतो, आणि बोटावरची एखादी बारीक चीर त्याला पुरते.

या तिघांपैकी ज्याचा धोका सर्वांत मोठा, त्याच्यावरच परिणामकारक लस आहे. ती तीन डोसांत घेतात: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करतात आणि तो आकडा १० किंवा त्याहून अधिक आला की संरक्षण मिळाले असे मानतात. ही तपासणी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते, आणि ती राहू नये असे मला कळकळीने वाटते, कारण लस घेऊनही प्रतिपिंडे तयार न होणारे थोडे लोक असतातच. आपण त्यांच्यातले आहोत की नाही हे सुई टोचण्याच्या आधी कळलेले बरे.

‘लहानपणी सगळ्या लसी झाल्या आहेत’ या उत्तरावर इथे विसंबू नये. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात हिपॅटायटिस बीची लस देशभर आली ती २०११ च्या सुमारास. आज वीस-पंचवीस वर्षांच्या असलेल्या मुलीला ती बालपणी मिळाली असेलच असे नाही. सुरक्षेच्या दृष्टीने, लसीचा पहिला डोस झाल्याशिवाय नव्या असिस्टंटला वापरलेल्या उपकरणांना हात लावू देऊ नये. तिन्ही डोसांचा खर्च एका रूट कॅनालच्या फीपेक्षा कमी येतो आणि तो डॉक्टरांनी करायचा असतो. हे मोठेपणाने द्यायचे काही नाही, ती कायदेशीर जबाबदारी आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे, तसेच प्रशिक्षण देणे हे दवाखाना चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. एका खुर्चीचा दवाखानाही यातून सुटत नाही.

सुई, बर आणि बेसिन

वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवणे ही या व्यवसायातली सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय आहे. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात टोपण, आणि नेम थोडा चुकला की सुई थेट अंगठ्यात किंवा तर्जनीत शिरते. खरे तर टोपण लावूच नये. परंतु दंतोपचारात भूल पुन्हा द्यावी लागण्याची शक्यता असते आणि तोपर्यंत सुई उघडी ठेवणेही धोक्याचे असते. अशा वेळी टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवायचे, दुसरा हात पाठीमागे घ्यायचा, एकाच हाताने सुईचे टोक टोपणात सरकवायचे आणि मग ट्रेच्या कडेवर दाबून ते घट्ट करायचे. सुरुवातीला हे अवघड वाटते. कोऱ्या सुईने दहा-वीस वेळा सराव केला की हात बसतो.

याहूनही चांगला नियम असा की ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकावी. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले तर सिरिंज ट्रेमध्ये न सोडता त्यांनीच सुई जागच्या जागी नष्ट करावी किंवा न टोचणाऱ्या जाड पांढऱ्या डब्यात टाकावी. त्यासाठी तो डबा खुर्चीपासून हाताच्या अंतरावर हवा, आतल्या खोलीत कपाटाखाली नको. या एका सवयीने असिस्टंटचा किती धोका टळतो, हे तिच्या जागी उभे राहिल्याशिवाय डॉक्टरांना जाणवत नाही.

दुसरी दुर्लक्षिलेली वस्तू म्हणजे बर, म्हणजेच दात कोरणारे ते बारीक पाते. काम संपल्यावर हँडपीस, म्हणजे बर बसवलेली हातात धरायची दांडी, जागेवर अडकवला जातो आणि बर त्यातच राहतो. त्याचे टोक खुर्चीच्या बाजूला बाहेर आलेले असते. असिस्टंट रुग्णाचा रुमाल सोडवायला किंवा दिवा सरकवायला पुढे झुकते आणि तिच्या मनगटाला किंवा कोपराखाली ओरखडा उठतो. हा ओरखडा सहसा कोणी मोजत नाही, पण तोही दूषित धारदार वस्तूने झालेली इजाच असते. काम संपताच बर काढून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

आता बेसिन. उपकरणे घासताना तपासणीचे पातळ हातमोजे पुरत नाहीत, कारण दातांवरचा थर खरवडणाऱ्या स्केलरचे टोक त्यांतून सहज आरपार जाते. त्यासाठी घरात भांडी घासायला मिळतात तसे जाड रबरी, मनगटाच्या वर येणारे हातमोजे हवेत. शक्य असेल तर उपकरणे हाताने घासूच नयेत. अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये झाकण लावून ठेवावीत, कारण झाकण उघडे असेल तर त्यातूनही दूषित तुषार उडतात. हाताने घासावीच लागली तर लांब दांड्याचा ब्रश घ्यावा, एका वेळी एकच उपकरण उचलावे, ते पाण्याच्या पातळीखाली धरून घासावे म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि चष्मा व मास्क उतरवू नये. एक मूठभर उपकरणे एकदम उचलून नळाखाली धरणे ही वेळ वाचवण्याची युक्ती वाटते, पण बोटात टोक रुतण्याची सर्वांत मोठी सोयही तीच आहे. बेसिनमधल्या फेसाळ पाण्यात काय आहे हे न पाहता हात घालणे तर कधीच नको. रक्त वाळले की घासायला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो; म्हणून लगेच धुणे शक्य नसेल तर उपकरणे पाण्यात किंवा एन्झाइमच्या द्रावणात बुडवून ठेवावीत.

कुकरची शिट्टी आणि निळा दिवा

उपकरणे निर्जंतुक करणे रुग्णाच्या सुरक्षेसाठी असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरेच आहे, पण निर्जंतुक न झालेले उपकरण उद्या सकाळी सर्वांत आधी हातात घेणारी व्यक्तीही असिस्टंटच असते. स्वच्छ दिसणे आणि निर्जंतुक असणे यांत मोठा फरक आहे, आणि आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत या दोहोंच्या मध्ये काही गैरसमज वर्षानुवर्षे घर करून बसले आहेत.

उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण काही जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू बनवतात आणि ते उकळण्याला दाद देत नाहीत. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते. ऑटोक्लेव्ह हे तत्त्वतः घरातल्या प्रेशर कुकरसारखेच यंत्र आहे: १५ पौंड दाबाला वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि साध्या यंत्रात पाउचमध्ये, म्हणजे कागदी पिशवीत, घातलेल्या उपकरणांना त्या तापमानाला सुमारे ३० मिनिटे ठेवावे लागते, आतली हवा आधी खेचून घेणाऱ्या आधुनिक यंत्रांत १३४ अंशांना तीन-चार मिनिटे पुरतात. घड्याळ लावायचे ते तापमान गाठल्यानंतर, बटन दाबल्यापासून नव्हे. कुकरमध्ये डबे ठासून भरले की मधला भात कच्चा राहतो, तसेच यंत्र खच्चून भरले की मधल्या पाउचपर्यंत वाफ नीट पोहोचत नाही. ओला पाउच बाहेर काढून हाताळला तर ओल्या कागदातून जंतू आत झिरपू शकतात, म्हणून तो आतच कोरडा होऊ द्यावा. पाउचवरची खूण रंग बदलते त्यावरून उष्णता लागली एवढेच कळते. जंतू खरोखर मेले का, हे पाहण्यासाठी जिवंत बीजाणूंची चाचणी आठवड्यातून एकदा करावी लागते.

मग तो निळा दिवा असलेला यूव्ही चेंबर कशासाठी असतो? निर्जंतुक केलेली उपकरणे ठेवण्यासाठी. त्यात ठेवून उपकरणे निर्जंतुक होत नाहीत, कारण ते किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. सावलीत, फटीत आणि खालच्या बाजूला त्यांचा उपयोग नसतो. धुतलेली उपकरणे ऑटोक्लेव्ह न करता थेट यूव्ही चेंबरमध्ये ठेवली जात असतील, तर असिस्टंटने ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे आणि डॉक्टरांनी त्याचा राग मानू नये.

ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात उपकरणे बुडवून ठेवण्याची पद्धतही सर्रास आहे. दोन टक्के द्रावणात पूर्ण निर्जंतुकीकरणाला सुमारे दहा तास लागतात. दोन रुग्णांच्या मध्ये वीस मिनिटे बुडवल्याने ते होत नाही. शिवाय त्याच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात, त्वचेवर चट्टे येतात आणि दीर्घकाळ संपर्क राहिला तर दमाही होऊ शकतो. बंद, लहान खोलीत उघड्या ट्रेमध्ये हे द्रावण ठेवून तिथेच असिस्टंटला बसायला जागा देणे हे तिच्या फुप्फुसांवर अन्याय करणारे आहे.

हवा, पाणी आणि बंद काचेचा दरवाजा

एअरोटर या वेगवान हँडपीसमधला बर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. त्यावर थंड पाण्याची धार सोडलेली असते, आणि पाणी, लाळ, रक्त व दाताचा चुरा यांचे मिश्रण फवाऱ्यासारखे उडते. अल्ट्रासोनिक स्केलरने दात साफ करतानाही हेच होते. मोठे थेंब चेहऱ्यावर, चष्म्यावर आणि छातीवर पडतात, ते निदान दिसतात तरी. अतिसूक्ष्म कण मात्र उपचार संपल्यानंतरही अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ हवेत तरंगत राहू शकतात, आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टर मास्क उतरवतात व असिस्टंट खुर्ची पुसायला वाकते. कोविडच्या साथीत मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यकासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागे हेच कारण होते. ती साथ ओसरली, तुषार मात्र रोज तसेच उडत आहेत. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय हवेतूनच पसरतो, एवढे आठवले तरी मास्क हनुवटीखाली ओढण्याचा मोह आवरेल. साधा सर्जिकल मास्क शिंतोड्यांपासून वाचवतो, पण कडेच्या फटीतून हवा आत येते. एअरोटर आणि स्केलरच्या कामात चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरणे अधिक योग्य. मास्क ओला झाला की त्याचा उपयोग संपला असे समजून तो बदलावा. नंबरचा चष्मा डोळ्यांना पुरेसा आडोसा देत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल किंवा फेसशील्ड हवी.

इथे असिस्टंटच्या स्वतःच्या हातात एक प्रभावी साधन असते, ते म्हणजे सक्शनची नळी. रुग्णाच्या ओठात अडकवून ठेवण्याची बारीक, वाकडी नळी फक्त साठलेली लाळ खेचते. रुंद तोंडाची, जोरदार ओढ असलेली सक्शन बरजवळ नीट धरली तर तुषार उगमापाशीच मोठ्या प्रमाणात, सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत, खेचले जातात. शक्य तिथे रबर डॅम, म्हणजे फक्त उपचाराचा दात उघडा ठेवणारा रबरी पडदा, लावला तर लाळ त्यात मिसळतच नाही. आणि खोलीची हवा? आपल्याकडे कित्येक दवाखाने इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात असतात: पुढे काचेचा दरवाजा, मागे भिंत, वर स्प्लिट एसी. हा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. एक एक्झॉस्ट पंखा आणि दोन रुग्णांच्या मध्ये उघडलेली खिडकी या फारसा खर्च नसलेल्या गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. खुर्चीच्या आत बारीक नळ्या असतात; रात्रभर आणि रविवारभर त्यांत पाणी साचून राहते आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका महिलेचा लिजिओनेला जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियाने मृत्यू झाला आणि तपासात त्याचा उगम दातांच्या दवाखान्यातील खुर्चीच्या पाण्यात सापडला. तिने तो फवारा एक-दोनदाच अंगावर घेतला असेल. असिस्टंट रोज घेते. सकाळी पहिल्या रुग्णाआधी सर्व नळ्यांतून दोन मिनिटे आणि दर रुग्णानंतर वीस ते तीस सेकंद पाणी सोडून द्यावे, तसेच खुर्ची बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ठरावीक दिवसांनी नळ्यांत जंतुनाशक फिरवावे. नुसते पाणी सोडल्याने आतला थर निघत नाही.

हात, डबा आणि पिशवी

हातमोजे हे हात धुण्याला पर्याय नाहीत, कारण त्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि काढतानाही हात दूषित होतो. मोजे घालण्याआधी आणि काढल्यावर साबणाने चाळीस ते साठ सेकंद हात धुवावेत. अंगठी, मनगटावरच्या बांगड्या आणि दोरे यांच्याखाली ओल आणि जंतू दोन्ही टिकतात. बांगड्या उतरवायला मन धजत नसेल तर ती भावना मी समजू शकते. त्या निदान कामापुरत्या काढून पाकिटात ठेवाव्यात, आणि नखे मात्र आखूडच ठेवावीत. रुग्णाच्या ओठावर पाण्याने भरलेले बारीक पुरळ असेल तर तो हर्पिस असू शकतो. उघड्या बोटाने स्पर्श झाला तर नखाच्या कडेला अतिशय ठणकणारे फोड येतात, आणि तो विषाणू शरीरात राहून पुन्हा पुन्हा डोके वर काढू शकतो. हातमोजे सर्रास वापरले जाऊ लागण्याआधी दंतवैद्यांच्या बोटांचा हा ओळखीचा आजार होता. सततच्या धुण्याने त्वचा फाटत असेल तर तेही दुखणे अंगावर काढू नये, कारण प्रत्येक चीर म्हणजे जंतूंना उघडी वाट आहे.

हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल उचलणे, दाराची कडी उघडणे, केसपेपर लिहिणे या गोष्टी दिवसातून पन्नास वेळा घडतात आणि त्यांवर एकच उपाय आहे: आधी मोजे काढा. जेवणाचा डबा निर्जंतुकीकरणाच्या खोलीत उघडू नये, आणि मटेरियलच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. अनेक दवाखान्यांत जेवायला दुसरी जागाच नसते हे मला ठाऊक आहे. तेव्हा वेटिंग रूममध्ये दुपारचा अर्धा तास दार लावून जेवू देणे हा डॉक्टरांनी करायचा बंदोबस्त आहे. कामाचा अॅप्रन दवाखान्यातच बदलावा आणि घरी न्यावाच लागला तर वेगळ्या पिशवीत नेऊन घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळा, गरम पाण्यात धुवावा.

कचऱ्याच्या बाबतीत सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, सक्शन टिप, सुईविना सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात असा क्रम आहे. तो पाळला नाही तर त्याचा भुर्दंड पिशवी उचलणाऱ्या मावशींना आणि गाडीवरच्या माणसाला भरावा लागतो. कापसाच्या पिशवीत चुकून गेलेली सुई त्यांच्या मांडीत घुसते, आणि ती कोणाची होती हे शोधण्याचा कोणताच मार्ग त्यांच्याकडे नसतो.

टोचलेच तर

इतके सारे सांभाळूनही एखाद्या दिवशी सुई टोचते. त्या क्षणी बहुतेक जणी दोन गोष्टी आपोआप करतात: बोट दाबून रक्त काढतात किंवा तोंडात घालतात. दोन्ही करू नयेत. दाबल्याने, चोळल्याने किंवा डेटॉल, आयोडीन, ब्लीच लावल्याने फायदा होत नाही, उलट त्वचेला इजा होते. हातमोजा काढून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, एवढेच. डोळ्यात शिंतोडा उडाला असेल तर साबण न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

त्यानंतरची पायरी सर्वांत अवघड असते आणि ती म्हणजे सांगणे. ‘आपलीच चूक’, ‘सर रागावतील’, ‘घरी कळले तर काम सोडायला लावतील’ या विचारांनी कित्येक मुली बोटाला पट्टी गुंडाळून पुढच्या रुग्णाला आत घेतात. आणि इथे एक-एक तास मोलाचा असतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. गरज आहे असे डॉक्टरांनी ठरवले तर ती २८ दिवस घ्यावी लागतात. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांत याची सोय असते, आणि १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर विचारता येते. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर लसीसोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांत द्यावे लागते. हिपॅटायटिस सीसाठी आधी घ्यायचे औषध नाही, परंतु लागण वेळेत कळली तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी बहुतेक सर्व जण पूर्ण बरे होतात. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

ज्या रुग्णाची सुई टोचली त्याची रक्ततपासणी झाली तर निर्णय सोपा होतो, पण ती त्याच्या संमतीनेच करता येते. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याने आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर आणखी एक बंधन घातले आहे: जिथे कर्मचाऱ्यांना अशा संपर्काचा धोका आहे तिथे खबरदारीची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि संपर्कानंतरची प्रतिबंधक औषधे पुरवणे ही आस्थापनेची जबाबदारी आहे. म्हणजे रात्री साडेआठला सुई टोचली तर रिक्षा करून तिला जिल्हा रुग्णालयात नेणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि तिच्याबरोबर कोणीतरी जाणे हेही.

बेसिनच्या वर, नजर जाईल अशा ठिकाणी, एक कागद चिकटवलेला असावा: जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता, तिथल्या आपत्कालीन विभागाचा फोन, डॉक्टरांचा घरचा नंबर, आणि ‘टोचले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही’ ही ओळ डॉक्टरांच्या स्वतःच्या अक्षरात. खाली नोंदवही. त्यात तारीख, वेळ, कोणते उपकरण, हातमोजे होते का, कोणाला कळवले, एवढे लिहायचे. त्याच पानावर पुढच्या तपासण्यांच्या तारखाही घालून ठेवाव्यात, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, आणि त्या तिन्ही दिवशी तिला पगार न कापता अर्धा दिवस सुट्टी द्यावी.